बहिणीनं हक्कसोड लिहून द्यायचाच का?

मिरजेची सून:
वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि भावाचा फोन, "ताई, उद्या तासगावला ये, एक सही आहे." हक्कसोडपत्राची. दस्त तयारच होता: 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता'. भावजयीनं पिशवीत साडी-खण आणला होता, सही झाली की ओटी भरायला. अंगठा द्यायची वेळ आली आणि मी उठले. तेव्हापासून आई बोलत नाही.
1994 ला महाराष्ट्रानं लेकींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला. त्याआधी लग्न झालेल्यांना 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. हा हक्क जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 ला पक्कं केलं. तो ओटी भरून काढून घ्यायची रीत मला मान्य नाही.

पलूसचा शेतकरी:
कायदा ठाऊक आहे ताई. आजोबांचे आठ एकर, वाटण्या होत होत माझ्याकडं दीड. बागेची औषधं, अवकाळीत गेलेला माल, सगळं कर्ज माझ्या डोक्यावर. बहिणीच्या लग्नाचं मीच फेडलं, आईचं दुखणंखुपणं मीच काढतो. नाव सामाईक राहिलं की बँक दरवेळी सगळ्यांच्या सह्या मागते. पुढं भाचे येतात, त्यांना बांध कुठला तेही माहीत नसतं. माहेर हवं की गुंठे, ठरवा.

कोरेगावहून:
दादा, हेच ऐकून मी सही केली. सहा वर्षांनी मालक वारले. दोन पोरं घेऊन माहेरी गेले, पंधराव्या दिवशी वहिनीनं विचारलं, "पोरांची शाळा कधी उघडतेय?" सासरचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर. दिवसभर उसात भांगलते, पण सोसायटीत पीककर्ज मागायला गेले तर शेतकरी म्हणून माझं नाव कुठंच नाही.

पलूसचा शेतकरी:
वाचून वाईट वाटलं. अडल्या बहिणीला द्यायलाच हवं, मी देईनही. पण सुस्थितीतल्या बहिणीनं मागू नये, यावर ठाम आहे.

वाळव्यातून:
सुस्थितीतला भाऊ वाटा सोडतो का हो? माझा दीर पुण्यात नोकरीला, वीस वर्षांत बांधावर आला नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहेच की.

मिरजेची सून:
सह्यांचा मुद्दा खरा आहे दादा. पण मी वाटणी मागितलेलीच नाही. कसायचं भावानंच, फक्त त्याच्या शेजारी माझं नाव राहू दे. कर्जाच्या सहीला बोलावलं की येईन. छाटणीला, बेदाणा निवडायला आजवर येतच होते.