विद्यापीठात स्टुडंट केसवर्कचं काम: पोरांचं ऐकायचं की फाईल सांभाळायची?

पेडण्याची_बाय
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू करून दोन वर्षं एका संस्थेत फिल्डवर होते, आता चार महिने झाले इथे गोव्यात एका विद्यापीठात (नाव नको) स्टुडंट केसवर्क ऑफिसर म्हणून कॉन्ट्रॅक्टवर लागलेय. आईला अजून कळत नाही मी नेमकं काय करते, ती शेजारी सांगते "पोरांच्या कागाळ्या ऐकते". मार्क, हजेरी, फी, अडकलेली स्कॉलरशिप, परत न मिळालेली ओरिजिनल सर्टिफिकेटं, सगळं माझ्या टेबलावर येतं. मी अर्ज घ्यायचा, दोन्हीकडचे कागद जमवायचे, तक्रार निवारण कमिटीपुढे ठेवायचे, हिअरिंगची तारीख कळवायची, मिनिट्स लिहायचे आणि झालेला निर्णय मुलाच्या हातात पोचवायचा. निर्णय देणं माझ्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात सत्तरीकडची एक मुलगी आली, दुसऱ्या वर्षाची. आयएसएच्या (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेच्या) असाइनमेंटला शून्य मार्क, सरांचं म्हणणं उशिरा दिली, हिचं म्हणणं वर्गातल्या आणखी तिघांनी तिच्यानंतर दिली आणि त्यांना मार्क मिळाले. पाऊण तास बसली, रडली, मी फॉर्म पुढे केला तर म्हणाली "म्याडम, हांवें कितें बरोवचें?" (मी काय लिहू?) आणि शेवटी उठताना, कोणाला सांगू नका, अर्ज नकोच. त्या रात्री साडेअकराला तिचे व्हॉट्सअ‍ॅपवर चौदा मेसेज, माझ्या पर्सनल नंबरवर. मी उत्तरं देत बसले, दीड वाजला. दोन दिवसांनी तेच सर कँटीनमध्ये माझ्या शेजारी येऊन "आमच्या डिपार्टमेंटचं कोण आलं होतं का तुझ्याकडे?" मी काही बोलले नाही पण माझा चेहरा काय सांगून गेला मला माहीत नाही. सेक्शनमधल्या एका सीनिअरना विचारलं तर ते म्हणाले, तू पगार युनिव्हर्सिटीचा घेतेस हे लक्षात ठेव.

मग मी नक्की कोणाची? तिने तोंडी सांगितलेलं कुठे लिहून ठेवायचं की नाही, आणि ती अर्ज देणार नसेल तर मी गप्प बसायचं का? वर पुढच्या महिन्यात चतुर्थी, अर्धं ऑफिस रजेवर, अर्जावर अहवाल द्यायच्या त्या १५ दिवसांच्या मुदतीचं काय करायचं तेही कोणी सांगत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज लिहा.

आवक_जावक
बाय, मी फोंडा तालुक्यातली, कॉलेज ऑफिसात २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या फाईलीवर डीलिंग हँड (फाईल हाताळणारी क्लार्क) म्हणून. आधी तुझ्या सीनिअरचं बोलणं बाजूला ठेव. पगार युनिव्हर्सिटीचा हे खरं, आणि युनिव्हर्सिटीलाच यूजीसीने सांगितलंय की ही यंत्रणा चालवायची. म्हणजे फाईल नीट चालवणं हेच त्या पगाराचं काम.

२०२३ चे नियम (विद्यार्थी तक्रार निवारणाचे, एप्रिलमध्ये आले ते) एकदा स्वतः बसून वाच, कोणाच्या तोंडून ऐकू नको. कमिटीत एक प्रोफेसर अध्यक्ष, चार प्रोफेसर किंवा सीनिअर शिक्षक, आणि एक विद्यार्थी स्पेशल इन्व्हायटी म्हणून. निदान एक बाई आणि निदान एक एससी, एसटी किंवा ओबीसी पाहिजेच. कोरम (किमान हजेरी) तिघांचा अध्यक्षांसकट, पण विद्यार्थी त्यात मोजायचा नाही, इथे मी स्वतः एकदा चुकले होते आणि अख्खी हिअरिंग परत घ्यावी लागली, तो मुलगा पेडण्याहून दोन बस बदलून आलेला, त्याला परत पाठवताना फार वाईट वाटलं. अर्ज मिळाल्यापासून शक्यतो १५ दिवसांत अहवाल, आणि हे दिवस *कामाचे* आहेत, कॅलेंडरचे नाहीत. म्हणजे चतुर्थीच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. पण खरी गोची सुट्टीची नसते, मेंबर रजा जोडून गावी जातात आणि कोरम होत नाही. आत्ताच पाचही जणांना विचारून तारखा लिहून घे, चतुर्थीच्या आधीची एक आणि नंतरची एक.

आता गुप्ततेचं. मुलगी बोलायला लागायच्या *आधी* तिला सांगायचं, रडून झाल्यावर नाही. मी असं सांगायचे: "तू आत्ता नुसती विचारायला आली असशील तर ते आपल्या दोघींत. अर्ज दिलास तर तुझं नाव आणि तुझं म्हणणं सरांना कळणार, कारण त्यांनाही उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. आणि जिवाचा धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, पण तुला सांगून बोलेन." बऱ्याच मुली इथेच थांबून विचार करतात. करू देत. त्यांचा हक्क आहे तो.

तोंडी भेटीचीही नोंद ठेवायची, तारीख, वेळ, विषय चार शब्दांत आणि तू काय सांगितलंस ते. तिने काय काय सांगितलं त्याची कहाणी लिहायची नाही. अर्ज आला की इनवर्ड (आवक) नंबर टाकून पोचपावती त्याच मिनिटाला हातात. पोचपावती नसलेला अर्ज म्हणजे अर्जच नाही, हे मी पोरांना दारात सांगायचे.

कँटीनचं: "सर, ऑफिसच्या गोष्टी मी ऑफिसातच बोलते" एवढंच, आणि रोज, कोणीही आलं नसेल तेव्हासुद्धा. आज "कोणी नाही आलं" म्हणालीस तर उद्या गप्प राहिलीस की त्यांना बरोबर कळणार.

पेडण्याची_बाय
@आवक_जावक ताई, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, कारण आधी एकदा त्यांनीच विचारलं तेव्हा मी "नाही हो सर, कोणी नाही" म्हणाले होते 😞

स्विंडनचा_पात्रांव
मी मूळचा म्हापशाचा, सहा वर्षं इंग्लंडमधे आहे आणि इकडच्या एका युनिव्हर्सिटीत हेच काम करतो, केसवर्क. पद तेच, पण एक फरक मला इथे आल्यावर कळला तो सांगतो. इकडे मुलाची बाजू मांडायला मदत करणारा सल्लागार बहुतेक स्टुडंट्स युनियनमधे बसतो, तो वेगळा माणूस, आणि मी ऑफिसचा. त्यामुळे मी पहिल्याच मेलमधे मुलाला लिहितो की मी तुझा वकील नाही, माझं काम तुझी केस नियमाप्रमाणे आणि वेळेत चालेल हे बघणं, तुला सोबत पाहिजे तर अमुक ठिकाणी जा. तुमच्याकडे तो दुसरा माणूसच नसेल तर पोर तुझ्याकडूनच दोन्ही अपेक्षा करणार, म्हणून ओढाताण होतेय. नियमात विद्यार्थ्याला हिअरिंगला प्रतिनिधी आणायची मुभा आहे ना तिकडे? ती तिला सांग, फार कोणी सांगत नाही.

दुसरं, तुझ्या या केसबद्दलच. "मार्क कमी दिले" आणि "नियम सगळ्यांना सारखा लावला नाही" या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. इंग्लंड-वेल्समधे युनिव्हर्सिटीच्या बाहेर तक्रार ऐकायला ओआयए म्हणून स्वतंत्र ऑफिस आहे, २००४ च्या कायद्याने त्याला ते काम मिळालं, तिथेसुद्धा शिक्षकाने विषय तपासून दिलेल्या मार्कात ते हात घालत नाहीत. पण प्रोसिजर पाळली का, भेदभाव झाला का, हे बघतात. आणि तुमच्याकडचा लोकपालसुद्धा (कमिटीच्या निर्णयावर विद्यार्थ्याचं अपील ऐकणारा) साधारण तसाच, रीव्हॅल्युएशनचा अर्ज घेत नाही, पण निकालावर परिणाम होईल अशी ठरावीक गडबड किंवा भेदभाव दाखवला तर घेतो. मग त्या मुलीचा अर्ज "सरांनी अन्याय केला" असा दोन पानी नको. असाइनमेंटची शेवटची तारीख कुठे आणि कशी सांगितली होती, उशिराला काय होईल ते आधी लिहून दिलं होतं का, तिने कधी दिली, बाकीच्यांनी कधी दिली. गूगल क्लासरूमवर असेल तर वेळ तिथेच पडलेली असते. तिने तिची स्क्रीन आणावी. बाकीच्या तिघांचं ती शोधत फिरणार नाही, ते कमिटीने डिपार्टमेंटकडून मागवायचं, आणि ते मागवायचं पत्र तू पुट अप करायचं, म्हणजे तयार करून वर मंजुरीला ठेवायचं. इथेच तुझा खरा उपयोग आहे तिला.

आणि निर्णयाचं पत्र. माझं सगळ्यात जास्त डोकं तिथे जातं. "कमिटीने विचार केला, तक्रारीत तथ्य आढळले नाही" हे पत्र मी कधी जाऊ देत नाही. काय कागद बघितले, कोणता नियम लावला, तुझा कोणता मुद्दा मान्य झाला, कोणता नाही आणि का, आणि आता पुढे कुठे किती दिवसांत जायचं. इकडे मुलाला ओआयएकडे जायला शेवटच्या पत्रापासून १२ महिने मिळतात. तुमच्याकडे लोकपालाकडे अपील करायला १५ दिवसच. एवढी छोटी मुदत असताना ती तारीख पत्रात लिहिली नाही तर पोराचा हक्क तिथेच गेला.

वाळपईवाली
मी टेबलाच्या पलीकडची आहे म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली, बाबा बांबोळीला अ‍ॅडमिट होते आणि भाऊ लहान, रोज डबा घेऊन मीच जायची. कॉलेजात कोणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. परीक्षेला बसू देणार नाही म्हटल्यावर मी अर्ज लिहिला, मराठीतून, कारण इंग्लिशमधे मला ते लिहिता येईना, आणि खिडकीवरच्या माणसाने तो न वाचता परत सरकवला, फॉर्मॅट इंग्लिश आहे म्हणून.

मग आत एक मॅडम होत्या, त्यांनी घेतला. मराठी सरकारी कामात चालते, १९८७ च्या राजभाषा कायद्यातच आहे, म्हणाल्या आणि शिक्का मारला. त्यांनी विचारलं पुरावा काय आहे. माझ्याकडे डिस्चार्जचा कागद होता आणि पर्सच्या चेनच्या कप्प्यात कदंबाच्या बसची तिकिटं, रबर लावून ठेवलेली, का ठेवली होती मलाच माहीत नाही. त्यांनी एकेक तिकीट काढून टेबलावर तारखेप्रमाणे लावलं. चार-पाच तिकिटांवरची शाई पार उडाली होती, मशीनचा कागद ना तो. त्या म्हणाल्या हे आजच झेरॉक्स करू नाहीतर पुढच्या महिन्यात सगळी कोरी होतील, आणि स्वतः उठून मशीनपाशी गेल्या.

बाय, मला नंतर सूट मिळाली ती मिळाली. पण मधले बारा दिवस मला काहीच कळत नव्हतं आणि तेव्हा त्या मॅडमनी दोनदा फोन केला, नुसतं सांगायला की अजून काही झालं नाही, सोमवारी कमिटी आहे. त्या दोन फोनवर मी जेवले असं म्हटलं तरी चालेल. रात्री दीडपर्यंत चॅट करू नको, पण "शुक्रवारी चार वाजता कळवते" म्हणालीस तर शुक्रवारी चारला कळव, काही झालं नसलं तरी.

लॉ_करतोय
वरचं सगळं बरोबर, फक्त एक राहिलं. प्रत्येक प्रकरण तुझ्या कमिटीचं नसतं. लैंगिक छळाचं असेल तर ते थेट अंतर्गत समितीकडे, तिथे घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते आणि नावं उघड करायला कायद्यानेच बंदी, त्यामुळे असा विषय निघाला की तू तपशील विचारत बसू नको, लगेच तिकडे सोबत घेऊन जा. रॅगिंगचं वेगळं, त्याची देशभराची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. आणि रात्री कोणी जीव नकोसा झालाय असं लिहिलं तर टेली मानस १४४१६, चोवीस तास चालतं. हे नंबर व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑटो रिप्लायमधे घाल, पण नंबर ऑफिसचा घे आधी.

पेडण्याची_बाय
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ड्रॉवरमधे ठेवलंय. ऑफिसच्या सिमसाठी नोट पुट अप केली, बघू. तिला काल बोलावलं आणि आधी आवक_जावक ताईंची तीन वाक्यं सांगितली, माझ्या नंबरवरून रात्री उत्तर मिळणार नाही हेही सांगितलं, थोडी नाराज झाली. मग तारखांचं विचारलं तर मोबाईल काढून क्लासरूम उघडलं. सबमिशन त्या दिवशी रात्री ११:५२. शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची लिहिलेली आहे, म्हणजे उशीर झालेलाच नाही. आम्ही दोघी त्या स्क्रीनकडे बघत बसलो, तिने स्वतःसुद्धा परत उघडून बघितलं नव्हतं, सर म्हणाले उशीर म्हणजे उशीर असं धरून चालली होती.

अर्ज आज सकाळी आला, सव्वा पानाचा, मराठीत. इनवर्ड केला, पोचपावती दिली. पाचही मेंबरना तारखांसाठी मेल गेलाय, दोघांची उत्तरं आली.

आवक_जावक
त्या स्क्रीनचा प्रिंट काढून त्यावर तिची सही आणि तारीख घे, आजच. आणि सरांना जाणाऱ्या पत्रात "आरोप" शब्द घालू नको, "खुलासा मागवण्यात येत आहे" असं लिही. कदाचित त्यांचीच तारीख चुकली असेल, कबूल करायला जागा ठेव.