जाऊ आणि जावई: मूळ वेगळंच

‘जाऊ’ आणि ‘जावई’ एकाच धातूतून, म्हणजे ‘जाणे’वरून आले, असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. ‘जाऊ’ संस्कृत ‘यातृ’वरून, म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला, जसा यमुनेचा जमुना. लॅटिन आणि ग्रीकमध्येही याच कुळातला शब्द याच नात्याला होता. म्हणजे जावा फार जुन्या!

जावई ‘जामातृ’चा. तिथे म चा व झाला, ग्रामचं गाव झालं तसा.

लेखनाचं म्हणाल तर ‘जाऊ’तला ऊ दीर्घच, ‘जाऊबाई’तही. ‘जाउबाई’ चूक. अनेकवचन सासू-सासवांसारखं जावा. ‘जाऊला सांगितलं’ माझ्या तरी कानाला खटकतं, आमच्या घरी ‘जावेला’च म्हणतात.