मदत हवी आहे : कोलायटिसमुळे सांधेदुखी, व्हीए रेटिंग कोणत्या कोडखाली मागावं?

नमस्कार मंडळी,
अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेल्या एका नातेवाइकाचा व्हीएकडे (माजी सैनिकांचं अमेरिकी खातं) अपंगत्व भरपाईचा दावा भरायचाय; रेटिंग म्हणजे ते देतात तो अपंगत्वाचा टक्का. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज आणि व्रण) सेवेशी जोडलेला, म्हणजे लष्करी सेवेमुळे झाल्याचं मान्य, ३० टक्के. आता दोन्ही गुडघे आणि घोटे दुय्यम, म्हणजे कोलायटिसमधून उद्भवलेले, म्हणून टाकायचेत. आतडं बिघडलं की सांधे सुजतात. एक्स-रे स्वच्छ, आरएफ (संधिवाताची रक्तचाचणी) निगेटिव्ह. या प्रकारात सहसा हाड झिजत नाही, पण नुसता एक्स-रे बघणारा ‘संधिवात नाही’ लिहून मोकळा होतो! म्हणून निदान संधिवाततज्ज्ञाकडूनच घेतलंय. इंटेंट टू फाइल (दावा भरणार असल्याची पूर्वसूचना) दिलंय, त्यामुळे दाव्याची तारीख वर्षभर सुरक्षित.

अडलंय ते आकड्यांत. कोड ५००२ (व्हीएच्या यादीत अनेक सांध्यांचा संधिवात) खाली वर्षाला एक-दोन उठाव (आजार एकदम बळावणं) असतील तर २० टक्के. त्याऐवजी हालचालीतल्या वेदनेवर चारही सांध्यांना १०-१० मिळाले, तर बायलॅटरल फॅक्टर (दोन्ही पाय बाधित म्हणून थोडी वाढ) धरून ३७; कोलायटिससह ५६, म्हणजे ६० (व्हीए टक्के सरळ मिळवत नाही, उरलेल्या क्षमतेवर लावतं आणि शेवटी जवळच्या दहात नेतं). ५००२ ने कोलायटिससह ४४, म्हणजे ४०च. ५००२ आणि वेगवेगळे सांधे, दोन्ही एकत्र देत नाहीत.

वेगवेगळे सांधे कोणाला मिळालेत का? उठाव नसताना तपासणी झाली तर वेदना कशी नोंदवून घेतलीत? नेक्सस लेटरमध्ये (दोन आजारांचा संबंध सांगणारं डॉक्टरांचं पत्र) ‘कोलायटिसमुळे झालं’ आणि ‘कोलायटिसमुळे वाढलं’ अशी दोन्ही मतं आहेत का? नाव खोडून मसुदा दाखवलात तर फार बरं होईल.