फक्त उजव्या वळणात कार्ट बाहेर जाते: काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. माझी रोटॅक्स मॅक्स इंजिनाची सीनिअर गटातील कार्ट (शर्यतीची छोटी उघडी गाडी) डाव्या वळणांत मनासारखी वळते. उजव्या वळणांत मात्र स्टिअरिंग कितीही फिरवले तरी पुढची चाके बाहेर घसरत जातात आणि वळणातून निघताना इंजिन दबल्यासारखे वाटते. टायर नवे आहेत. जुनी सीट तडकल्यामुळे नवी बसवून घेतली, त्यानंतरच हा त्रास सुरू झाला. कास्टर (पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिचा मागे झुकलेला कोन) वाढवून पाहिला, तर डाव्या वळणात मागचा भाग सुटू लागला. आता कोठून सुरुवात करावी?

पहिला प्रतिसाद

सर्वप्रथम कास्टर पूर्वीच्या जागी आणावा, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच वाढवला असणार आणि आपला दोष एकाच बाजूचा आहे. कार्टला डिफरेन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नसते. मागची दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर घट्ट बसलेली असल्यामुळे वळताना आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले, तरच कार्ट मोकळेपणाने वळते. ते उचलण्याचे काम कास्टर करतो: स्टिअरिंग फिरवताच आतले पुढचे चाक खाली दाबले जाते आणि फ्रेम तिरकी होऊन भार त्या चाकावर व बाहेरच्या मागच्या चाकावर जातो. उजव्या वळणात उचलायचे असते ते उजवे मागचे चाक, आणि इंजिन नेमके त्याच बाजूला असते. सीट थोडी जरी उजवीकडे सरकली असेल, तरी ते चाक जमिनीला चिकटून राहते, ओढले जाते आणि पुढची चाके बाहेर ढकलली जातात. इंजिन दबते तेही यामुळेच.

म्हणून प्रत्येक चाकाखाली एक, अशा चार वजनकाट्यांवर वजन करून पाहावे. जमीन समतल हवी, चालकाने हेल्मेट-सूटसह बसावे आणि स्टिअरिंग सरळ धरावे. अन्यथा आकडे फसवे येतात. पुढच्या दोन चाकांवर जवळजवळ समान भार आणि एकूण वजनाचे सुमारे ४० ते ४३ टक्के पुढे, हे बहुतेक कार्टना मानवते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु काट्यांपर्यंत जाण्याआधी मोजपट्टी घ्यावी. मागच्या दोन्ही टायरांचा घेर, हवा समान ठेवून, मोजावा. नव्या जोडीतही काही मिलिमीटरचा फरक आढळतो. उजव्या टायरचा घेर मोठा असेल, तर कार्ट सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढते आणि उजव्या वळणात अडते. त्यानंतर उजवा पुढचा स्टब ॲक्सल (पुढचे चाक ज्यावर बसते तो आखूड दांडा) वाकलेला नाही ना, हे पाहावे, कारण ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून आदळल्यावर तो किंचितही वाकला, तरी त्या बाजूचा कास्टर वा कँबर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतो. सीट तपासताना तिच्या पुढच्या कडेपासून फ्रेमच्या नळीपर्यंतचे आणि वरच्या कडेपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर उत्पादकाच्या मापांशी ताडून पाहावे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. टायरांचा घेर समान निघाला, स्टबही सरळ आहे. काट्यांवर मात्र उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा स्पष्टपणे जड आले आणि सीट उत्पादकाच्या मापापेक्षा १५ मिलिमीटर उजवीकडे बसवलेली आढळली. ती सरकवताना सीटच्या आधारपट्ट्या वाकवून बळजबरीने बसवू की नवी छिद्रे पाडू?

पहिला प्रतिसाद

नवी छिद्रे पाडावीत. ताण देऊन बसवलेली सीट फ्रेमलाच पिळून ठेवते. मग काट्यांवरचे आकडे बरोबर आले, तरी धावताना तीच कार्ट वेगळी वागते. प्रत्येक बोल्ट हाताने सहज आत जाईल अशा रीतीने वॉशर घालून अंतर भरावे आणि शेवटी सर्व बोल्ट आवळून पुन्हा एकदा वजन करावे.