मदत हवी आहे: डिस्क चालली की वाजणारा बझर वाजूनच नाही राहिला

खुटखुट्या: कॅबिनेट टेबलाखाली आहे, दिवा दिसत नाही. म्हणून मदरबोर्डवर डिस्कच्या दिव्यासाठी असलेल्या एचडीडी एलईडीच्या दोन पिनांवर 5 व्होल्टचा बझर लावला. दिवा लागतो, बझर गप्प. चार्जरवर बरोबर वाजतो. आजच संपवायचं आहे, लवकर सांगा.

ओहम_शांती: दिवा काढून लावला की दिव्यासोबत? डिस्क कोणती? बझर किती मिलिअँपचा?

वऱ्हाडी_ठसका: कॉम्प्युटर सुरू होताना एक लांब, दोन आखूड बीप असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवा. अवॉर्ड बायोसमध्ये तसंच असतं.

ओहम_शांती: भाऊ, त्यानं बीप कोड कुठं विचारला?

खुटखुट्या: दिव्यासोबतच. लाल दिवा. बझरवर 30 मिलिअँप लिहिलंय.

ओहम_शांती: मग कसा वाजेल? लाल दिवा दाब 2 व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. दिवा काढूनही भागत नाही: बोर्डात प्लस पिनच्या मागे साधारण 330 ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे पिना शॉर्ट केल्या तरी 15 मिलिअँपच. पीसी817 घ्या, म्हणजे ऑप्टोकपलर: आतला दिवा लागला की पलीकडचा स्विच चालू होतो. प्लस पिन, मग दिवा, मग 817 ची पिन 1. पिन 2 मायनसला. सगळं सिरीजमध्ये. 1.8 अधिक 1.2 व्होल्ट गेले, 6 मिलिअँप उरतात, दोघांचं भागतं. निळा दिवा असता तर तो एकटाच 3 खातो, मग काढूनच टाकायचा.

सर्किट_बाप्पा: एवढा खटाटोप कशाला? आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) लावा, चार ओळींचा प्रोग्रॅम.

ओहम_शांती: बझरसाठी नॅनो म्हणजे माशी मारायला तोफ. 555 टायमर आयसी घ्या. 817 ची पिन 3 ग्राउंडला. तिच्याच पिन 4 ला 10 के ओहमच्या रेझिस्टरनं 5 व्होल्ट आणि तिथूनच 555 ची पिन 2. 555 च्या पिन 4, 8 पाच व्होल्टला, 1 ग्राउंडला. 6 आणि 7 जोडून तिथून 47 के पाच व्होल्टला, 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. 1.1 गुणिले आर गुणिले सी, म्हणजे 52 मिलिसेकंदांची टिक. डिस्कचा झटका त्याहून फार आखूड असतो, नुसता बझर त्यात तोंडही उघडत नाही. 555 च्या पिन 3 मधून 1 के नं बीसी547 ट्रान्झिस्टरचा बेस, एमिटर ग्राउंडला, बझर कलेक्टर आणि 5 व्होल्टच्या मधे. 5 व्होल्ट पॉवर सप्लायच्या मोलेक्स कनेक्टरच्या लाल तारेतून. पिवळी 12 ची, तिला हात लावू नका.

सर्किट_बाप्पा: मोठी फाइल कॉपी करताना पिन 2 खालीच राहील, बझर अखंड बोंबलेल.

ओहम_शांती: हे मान्य. 817 आणि 555 च्या पिन 2 च्या मधे 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका, पिन 2 ला वेगळा 10 के पाच व्होल्टला. मग झटका सुरू झाला की एकच टिक.

वऱ्हाडी_ठसका: कूलर सुरू असला तर टिक ऐकूही नाही येणार. बझर बाहेर काढा.

खुटखुट्या: सामान बर्डीवरून (नागपूरचा बाजार) आणतो. विंडोज एनव्हीएमईवर (थेट बोर्डवर बसणारी एसएसडी) आहे, सिनेमे केबलच्या साटा डिस्कवर. फरक पडतो का?

ओहम_शांती: हे आधी सांगायचं ना! काही बोर्डांवर एनव्हीएमईची हालचाल या पिनांवर येतच नाही. साटा डिस्कची केबल काढून बघा, दिवा लुकलुकला तरच बर्डीवर जा.