एमएमपीआय-२: एफ ९८, पण एफपी ६३. प्रोफाइल बाद धरायची का? (मदत हवी आहे)

अबोली_क:
नमस्कार. एम.फिल. क्लिनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, एका रिपोर्टवर गाडी अडली आहे. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

ओपीडीतला पुरुष, तिशीतला. झोप नाही, कामावर जाणं बंद. एमएमपीआय-२ (व्यक्तिमत्त्व आणि मानसिक त्रासाची बरोबर-चूक टेस्ट) दिली, ५६७ प्रश्न एकाच बैठकीत. शेवटी दमला म्हणून साधारण ४०० नंतरचे प्रश्न भावाने वाचून दाखवले.

टी-स्कोर (सरासरी ५० धरून काढलेले गुण): व्हीआरआयएन (उत्तरांतली विसंगती) ५८, टीआरआयएन (मजकूर न बघता सरसकट 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणणं) ६९ ('चूक' बाजूला), एफ (क्वचित मान्य होणारे प्रश्न) ९८, एफबी (तेच, टेस्टच्या उत्तरार्धात) ८४, एफपी (तेच, पण रुग्णांच्या तुलनेत) ६३, एल (स्वतःला फार चांगलं दाखवणं) ४८, के (बचावाचा पवित्रा) ३७. क्लिनिकल स्केल्सपैकी २ (नैराश्य) ला ८१, ७ (चिंता) ला ७९, ८ (नाव 'स्किझोफ्रेनिया') ला ८८. रिकामी उत्तरं ३४.

ओपीडीत एफ ९० च्या वर गेला की वैधतेबद्दल शंका घ्यायची, असं वाचलंय. मग 'लक्षणं फुगवून सांगतो' असं लिहायचं का?

खडूफळा:
थांबा, एफकडे नंतर येऊ. आधी रिकामी उत्तरं. ३० किंवा जास्त असली तर नियमाने प्रोफाइल वाचत नाहीत. पण ती कुठे आहेत ते महत्त्वाचं. एल, एफ, के आणि दहाही क्लिनिकल स्केल्स पहिल्या ३७० प्रश्नांतच संपतात. ३७० च्या आधी किती आणि नंतर किती, मोजून सांगा.

अबोली_क:
आधी ५, नंतर २९.

खडूफळा:
मग मूळ प्रोफाइल वाचता येईल. एफबीचे प्रश्न मात्र २८१ च्या पुढे पसरलेले आहेत आणि रिकामा प्रश्न स्कोअरमध्ये धरलाच जात नाही. म्हणजे तुमचा ८४ हा खोटा कमी असू शकतो. 'शेवटी शेवटी बरा होता' असा अर्थ त्यातून काढू नका. कंटेंट आणि सप्लिमेंटरी स्केल्स (पूर्ण टेस्टवरून निघणारे जोड स्केल्स) या खेपेला सोडून द्या.

आता एफ. यातले प्रश्न सर्वसामान्य लोक क्वचित मान्य करतात, त्यामुळे खरोखर खूप आजारी माणसाचाही एफ चढतो. शिवाय एफ आणि स्केल ८ मध्ये काही प्रश्न सामाईक आहेत, एक वर गेला की दुसरा ओढला जातो. हा गुंता सोडवायलाच १९९५ मध्ये अर्बिसी आणि बेन-पोराथ यांनी एफपी आणलं: २७ प्रश्न, जे मानसोपचार वॉर्डातले रुग्णही क्वचितच मान्य करतात. आजाराचं सोंग घेणारा इथे सापडतो, कारण खऱ्या रुग्णाला कुठल्या गोष्टी होत नाहीत हे त्याला माहीत नसतं. एफपी १०० च्या पुढे असता तर वेगळं बोललो असतो. ६३ वर 'फुगवून सांगतो' लिहिणं हा त्या माणसावर अन्याय आहे. व्हीआरआयएन ५८ आहे, तेव्हा डोळे मिटून गोल काळे केले असंही नाही. के ३७ सुद्धा 'मला झेपत नाहीये' हेच सांगतोय.

एफमधले नेमके कोणते प्रश्न मान्य केलेत ते काढून मुलाखतीत विचारा. नॉर्म्स (ज्यांच्याशी तुलना करून टी-गुण काढतात ते) अमेरिकेतल्या ११३८ पुरुष आणि १४६२ स्त्रियांवरचे आहेत. अंगात येणं, करणी वगैरे घरात रोजच्या बोलण्यातलं असेल तर काही टी-गुण तिथूनही येतात.

भरदुपार:
मला एफपेक्षा भावाची जास्त काळजी वाटते. नातेवाइकाने वाचून दाखवणं म्हणजे प्रमाणित पद्धत मोडली. भावासमोर कोण खरं सांगेल? शिवाय वाचणारा मध्येच 'म्हणजे असं विचारलंय बघ' म्हणत अर्थ लावून देतो. आपल्याकडे नकारार्थी वाक्याचाही घोळ होतो. 'मी सकाळी चहा घेत नाही' (हे माझं उदाहरण, टेस्टमधलं नव्हे) याला चहा न घेणारा 'नाही' म्हणतो, आणि वाचणारा 'चूक' वर खूण करतो! उत्तर हो-नाही असं न घेता बरोबर-चूक असंच घ्यायचं. टीआरआयएन ६९ 'चूक'कडे झुकलाय, त्यात याचा वाटा असू शकतो. ८० च्या खाली आहे म्हणून चालून गेलं.

आणि हे रिपोर्टच्या आधी करा: ५०६, ५२० आणि ५२४ उघडून बघा. आत्महत्येबद्दलचे हे प्रश्न ३७० नंतरच येतात, म्हणजे भावाने वाचलेल्या भागात. १५० सुद्धा बघा.

मोगरा७७:
ही टेस्ट पीडीएफमध्ये कुठे मिळेल? नवऱ्याला द्यायची आहे.

खडूफळा:
मिळणार नाही, आणि मिळाली तरी देऊ नका. काळजी वाटत असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची वेळ घ्या.

अबोली_क:
५०६ ला 'चूक' आहे. ५२० आणि ५२४ दोन्ही रिकामे.

भरदुपार:
मग धागा बाजूला ठेवा आणि सुपरवायझरना आत्ता फोन करा. भावाच्या समोर दिलेल्या 'चूक' वर विसंबू नका. माणसाला एकट्याला बसवून सरळ विचारायचं: विचार येतात का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झालाय का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तरं त्याच्याच शब्दांत नोंदवा.

अबोली_क:
सरांशी बोलले. आज संध्याकाळी ५ ला बोलावलं आहे, सर स्वतः भेटणार. रिपोर्टचं काय करू?

खडूफळा:
छान. ४०० पासूनचा भाग त्याने स्वतः वाचून, शांत खोलीत, भाऊ बाहेर असताना पुन्हा करायचा. मध्ये बरेच दिवस गेले असतील किंवा औषध सुरू झालं असेल तर तुकडे जोडू नका, पूर्ण टेस्ट नव्याने द्या. दोन बैठकी केल्या तरी चालतं, दमलेल्या माणसाकडून दीड तास रेटून घेण्यात अर्थ नाही.

तोवर लिहायचंच असेल तर: 'पहिल्या ३७० प्रश्नांवर आधारित, तात्पुरता अर्थ. उत्तरांत सुसंगती आहे. एफमधली वाढ तीव्र मानसिक त्रासाशी जुळते, एफपीवरून सोंगाला आधार मिळत नाही. पुढचे प्रश्न नातेवाइकाने वाचल्यामुळे त्यावरचे स्केल्स वाचलेले नाहीत.' स्केल ८ ला ८८ आहे म्हणून स्किझोफ्रेनिया लिहू नका. स्केलचं ते नाव १९४० च्या दशकातलं आहे, आणि नुसती खचलेली अवस्थाही ते स्केल वर नेते. आरसी स्केल्स (क्लिनिकल स्केल्सची नव्याने बांधलेली रूपं) काढता आली तर आरसीडी (सर्वसाधारण खचलेपणा) आणि आरसी८ (विचित्र अनुभव) शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसतो.

हाताने स्कोअर केलंय का? के चा रॉ स्कोअर (टी-स्कोर काढण्याआधीचे कच्चे गुण) स्केल ७ आणि ८ ला पूर्ण मिळवायचा, १ ला निम्मा, ४ ला ०.४, ९ ला ०.२. स्केल २ ला काहीच नाही. पुरुषांचाच प्रोफाइल कागद घेतलाय ना, तेही बघा.