गाठ दुखत नाही, तरी डॉक्टरला दाखवायची का?

प्रश्न:
बाबांच्या पाठीवर खांद्याच्या खाली एक गाठ आहे, बरीच वर्षं आहे, हाताला मऊ लागते आणि बोटाने ढकलली की सरकते. हल्ली मला ती वाढल्यासारखी वाटतेय. ते म्हणतात दुखत नाही ना मग कशाला डॉक्टर, आणि वर तपासायला सुई घातली की गाठ पसरते म्हणे. काय करू?

उत्तर १:
मऊ आणि सरकणारी म्हणजे बहुतेक चरबीची गाठ, लायपोमा, ती सहसा त्रास देत नाही. पण "दुखत नाही म्हणजे काही नाही" हे आधी डोक्यातून काढा प्लीज! गळू ठणकतं, लाल होतं, कारण आत पू असतो. कॅन्सरची गाठ मात्र सुरुवातीला बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. म्हणून बघायचं ते हे की वाढतेय का, कडक आहे का, आत चिकटून बसलीय का. त्यांना हाताने भिंत जोरात ढकलायला सांगा आणि तेव्हा गाठ हलवून बघा, आधी सरकत होती आणि आता हलत नसेल तर ती स्नायूत खोल असू शकते. ५ सेंमीपेक्षा मोठी, खोल किंवा वाढणारी गाठ सर्जनला दाखवायचीच, ते आधी सोनोग्राफी करून घेतील.

उत्तर २:
सुईने पसरायची भीती खूप जणांना असते, पण तसं फार क्वचित होतं आणि सुई लागेल का, कुठून घालायची हे डॉक्टर विचार करूनच ठरवतात. त्या भीतीने तपासणी लांबवू नका.
अजून एक, गाठीच्या मधोमध बारीक काळा ठिपका दिसतो का? मग ती सिस्ट असेल. ती घरी पिळू नका, आतला घाण वासाचा मळ निघतो पण पिशवी तशीच राहते, म्हणून परत भरते, वर इन्फेक्शन होतं ते वेगळंच.

उत्तर ३:
हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण लिहिते. घसा धरला किंवा पायाला जखम झाली की मानेत, जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येतं, ते २-३ आठवड्यांत उतरायला लागतं. नाही उतरलं, कडक झालं, गळ्याच्या हाडाच्या वर गाठ आली, किंवा सोबत ताप, रात्री घाम, वजन कमी होणं असेल तर थांबू नका, टीबी पण असू शकतो. आणि स्तनात किंवा वृषणात नवीन गाठ लागली तर आठवडाभर बघू वगैरे काही नाही, लगेच दाखवा.

प्रश्नकर्ता:
थँक्यू सगळ्यांना. टेपने मोजली, ६ सेंमी भरली, अपॉइंटमेंट घेतलीय. बाबांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, ती आधीच बंद करू का?

उत्तर १:
नाही, स्वतःहून अजिबात नको. गोळीचं पाकीट सोबत न्या आणि गेल्या गेल्या सांगा, बंद करायची की नाही ते डॉक्टर सांगतील.